स्क्रीनवर अडलेली खुर्ची

२ जून

मावशी,

आधी वाकून नमस्कार. चूक व्हायच्या आतच करून ठेवते, म्हणजे तू रागावशील तेव्हा निदान आवाज अर्धा होईल.

तुला फोन करायची सोय नाही. कानाचं यंत्र कपाटात टाकून "ज्याला माझ्याशी काम असेल त्याने लिहावं" असा फतवा तू काढलास, म्हणून लिहायला बसले. आईच म्हणाली, "मावशीला विचार. आपल्या घराण्यात तिच्याइतके कॉम्प्युटर कुणी निवडलेले नाहीत." खरंच आहे ते. तुझ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातले लाकडी बोर्ड गेले आणि कॉम्प्युटर आले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक मशीन तुझ्या पसंतीनं आलं होतं.

आमच्या कंपनीनं डिझाइन विभाग बंद केला हे आईनं कळवलंच असेल. दूरच्या शाखेत जागा देतो म्हणतात. पंधरा ऑगस्टच्या आत हो की नाही ते सांगायचं. हो म्हटलं तर एकटीनं जायचं, तुझे जावई आणि माझी लेक यांना इथेच ठेवून. माझा जीव होत नाही गं.

आणि नेमकं आत्ताच एक काम चालून आलंय. अपंगांसाठी चाकाच्या खुर्च्या बनवणारा एक कारखाना आहे. त्यांना अरुंद दारातून जाईल अशी नवी खुर्ची हवी आहे. मालक म्हणाले, "जुलैअखेर हिची ड्रॉइंगं द्या. पसंत पडली तर वर्षभराचं सगळं काम तुमच्याकडे." म्हणजे घरी बसून, माझ्या हिमतीवर! पण माझा लॅपटॉप असा आहे की खुर्ची स्क्रीनवर जरा फिरवायला गेलं की तो गोठतो आणि आतला पंखा घरघरायला लागतो. मी चहा करून येते, तरी खुर्ची तशीच वाकडी.

नवीन मशीन घेणं भाग आहे आणि घेता येईल ते एकदाच. तुझे जावई म्हणतात, सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड घेऊ. दुकानदारानं एक खोका दाखवला, त्यात आतून निळे-जांभळे दिवे लागतात. म्हणतो, ह्यावर काहीही पळेल. तूच सांग काय घेऊ.

तुझी,
भुंगी

---

९ जून

भुंगे,

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत. अक्कल मात्र मागावी लागते, ती तू मागितलीस म्हणून आनंद झाला.

पहिली गोष्ट. निळ्या-जांभळ्या दिव्यांनी रेघ सरळ येत नाही. ते पोरांच्या खेळांसाठी आहे. जावईबापूंना सांग, नाकापेक्षा मोती जड करू नका.

दुसरी गोष्ट. दुकानात जाण्याआधी घोडं कुठे पेंड खातंय ते घरी बघ. खुर्ची फिरवताना कॉम्प्युटरचा कुठला भाग दमतो ते त्याच्याच स्क्रीनवर दिसतं, तेवढं तुला येतं. रॅम भरून वाहतेय का? प्रोसेसर अडतोय का? की ग्राफिक्स कार्ड? आमच्या ऑफिसात एकदा वरच्या साहेबांनी मला न विचारता ढीगभर कोअरची, म्हणजे एका प्रोसेसरमध्ये ढीगभर राबणारे हात असलेली, मशीनं आणली. ड्रॉइंगं पूर्वीपेक्षा हळू उघडायला लागली. साहेब म्हणाले, असं कसं, एवढे कोअर आहेत! मी म्हटलं, साहेब, सुईत दोरा ओवायला दहा माणसं उभी केली तरी ओवणार एकच. आपल्या कामात बहुतेक वेळा एकच कोअर राबत असतो, बाकीचे हाताची घडी घालून बघतात. तेव्हा तो एक चपळ असला पाहिजे. मोठी चित्रं रंगवून काढायची असली तर गोष्ट वेगळी, तिथे सगळे हात कामाला लागतात. तुला खुर्ची बनवायची आहे, तिचा फोटो नाही.

तिसरी गोष्ट. घरी बसून काम करणार ना? मग लॅपटॉप कशाला? तो तापला की दमतो. टेबलावरचं मशीन घे.

आणि चौथी, ही विसरलीस तर मला पत्र लिहू नकोस. तुझी सगळ्यात जड फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. त्यांच्या मशीनवर ती उघडायची, फिरवायची, जवळ आणायची, लांब न्यायची. जो नाही म्हणेल त्याच्या दुकानातून उठून यायचं. चप्पल घालून बघितल्याशिवाय आपण घेत नाही, आणि हे तर अख्खं घर चालवणार आहे.

तू शहरं बदलत फिरावंस असं मला मुळीच वाटत नाही. पण हे काम रडून मिळणार नाही. डोकं थंड ठेव.

मावशी

---

२० जून

मावशी,

तू सांगितलंस तस्संच केलं. दिवेवाल्यानं पेन ड्राइव्ह बघून हात झटकले. म्हणाला, "मॅडम, व्हायरस येतो." मी उठले. तुझी आठवण काढून जरा तोऱ्यातच उठले.

दुसऱ्या गल्लीत एक लहानसं दुकान सापडलं. मालक जाड चष्म्याचा, फार बोलत नाही. त्यानं खुर्ची ओढली आणि म्हणाला, "बसा, लावा फाइल. सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे, बरेच डिझाइनवाले येतात." मला तो इतका आवडला की तिथेच मशीन घ्यावंसं वाटलं.

पण पुढचं ऐक. आधी मधल्या किमतीच्या मशीनवर उघडली, खुर्ची अडली. मग त्याच्याकडचं सगळ्यात महागडं मशीन लावलं, आणि तिथेही अडली! लॅपटॉपइतकी नाही, पण फिरवली की धक्के खात, थांबत थांबत. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. जे मला परवडणार नाही तेही पुरत नाही, तर मग मी करू काय?

घरी आले तर तुझे जावई म्हणाले, याहूनही मोठं बघू, कर्ज काढू. मी नको म्हटलं.

तुझा सल्ला चुकला असं मी म्हणत नाहीये. बहुतेक माझंच काम या मशीनांच्या आवाक्याबाहेरचं असेल. शाखेच्या साहेबांना फोन करावा का, असा विचार करतेय.

तुझी,
भुंगी

---

२७ जून

भुंगे,

शाखेला फोन केलास तर माझी शपथ आहे.

आता मला एक समजाव. आम्ही अख्खं छपाईचं यंत्र, माणसापेक्षा उंच, त्या काळच्या मशीनवर फिरवत होतो. आजची मशीनं त्यांची पणतवंडं. आणि तुझी चार चाकांची खुर्ची आजच्या महागड्या मशीनवर हलत नाही? नाचता येईना अंगण वाकडं, असा हा प्रकार वाटतो मला. राग मानू नकोस, पण त्या अंगणात मी स्वतः नाचलेली आहे.

आणि तुझ्या पत्रात एक वाक्य कमी आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं तपासली. जे काढलंय त्यापेक्षा जे काढलेलं नाही तेच माझ्या डोळ्यात आधी भरतं. जाड चष्म्याचा, डिझाइनवाल्यांचं सॉफ्टवेअर दुकानात ठेवणारा माणूस, फाइल अडते म्हटल्यावर "का अडते" हे न बघता गप्प बसेल? शक्य नाही. त्यानं काहीतरी सांगितलं आणि तू ते मला लिहिलं नाहीस. चोराच्या मनात चांदणं असतं, म्हणूनच तू "तुझा सल्ला चुकला असं म्हणत नाहीये" असं लिहिलंस.

त्या खुर्चीत काय काय भरून ठेवलंयस ते खरंखरं लिही. तुझ्या कुठल्याही मूर्खपणाला मी हसेन, पण रडणार नाही, एवढी खात्री बाळग.

मावशी

---

४ जुलै

मावशी,

तुझ्यापासून काही लपत नाही हे मी विसरते आणि दर वेळी पस्तावते. सांगते.

चष्मेवाल्यानं माझ्या परवानगीनं खुर्ची जवळ आणली, आणखी जवळ, आणखी जवळ. मग एका बोल्टवर थांबला. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, हे आटे तुम्ही कापलेत?"

मी म्हटलं, हो, कापलेत. प्रत्येक बोल्टचा प्रत्येक आटा, गोल गोल वळत गेलेला, खऱ्यासारखा. प्रत्येक नटाच्या आतलेही. चाकांच्या सगळ्या तारा, आणि त्यांच्या टोकाच्या चिमुकल्या नटांचे सुद्धा आटे. बेअरिंगच्या आत बंद असलेल्या गोळ्याही. तो हसला नाही, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाला, "मशीन काय करणार बिचारं? तुम्ही खुर्ची फिरवता तेव्हा ते हजारो आटे फिरवतंय. बोल्ट तर बाजारातून आणायचेत ना? मग हे कुणासाठी?"

त्याचं उत्तर तू आहेस. लहानपणी सुट्टीत मी तुझ्या ऑफिसात यायचे, तेव्हा तू मला एक बोल्ट हातात दिलास आणि कागद-पेन्सिल देऊन म्हणालीस, "हा काढ. सगळे आटे आले पाहिजेत. एकही सोडायचा नाही." मी सबंध सकाळ काढत बसले. शेवटी तू बघून मान हलवलीस. तेव्हापासून आजपर्यंत मी एकही आटा सोडलेला नाही. कंपनीत मशीनं दांडगी होती, ती निमूट ओढत राहिली, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

हे तुला कसं लिहायचं? तू शिकवलेल्यापायी माझं काम अडलं, असं? त्यापेक्षा मशीनला दोष दिलेला बरा, असं वाटलं. तुझ्याकडून मिळालेली ही माझी पहिली विद्या आहे गं. ती सोडायला सांगितल्यावर, खरं सांगते, मला त्या दुकानातच रडू आलं.

तुझी,
भुंगी

---

१० जुलै

अगं वेडे,

इतकी हसले की शेजारीण काय झालं बघायला आली. तिला सांगता सांगता पुन्हा हसले.

भुंगे, त्या दिवशी मी तुला विद्या देत नव्हते. तू ऑफिसभर भुणभुणत होतीस. ह्याची पट्टी उचल, त्याची खुर्ची फिरव, "हे काय, ते काय." तुझं हे नाव तिथेच पडलं. दुपारपर्यंत एक मोठं ड्रॉइंग द्यायचं होतं आणि साहेब माझ्या डोक्यावर उभे होते. तुला गप्प बसवायला काहीतरी वेळखाऊ द्यायला हवं होतं, म्हणून बोल्ट दिला आणि म्हटलं सगळे आटे काढ. मला वाटलं अर्धा तास सुटका होईल. तू सकाळभर हलली नाहीस. मान हलवली ती आश्चर्यानं. ही पोर एवढी बसूच कशी शकते, म्हणून.

बोर्डावर आम्ही कुणी जन्मात आटे काढले नाहीत! बोल्टच्या आत दोन बारीक रेघा मारायच्या आणि बाजूला माप लिहायचं. जगभर कुठल्याही कारागिराला कळतं की इथे आटे आहेत. रेघ ही करणाऱ्याच्या हातासाठी असते. जे त्याला करायचंच नाही ते काढलं तर त्याचा वेळ जातो आणि आपला नुसता दिमाख होतो.

पण आता हसू आवरून एक सांगते. त्या संध्याकाळी घरी मी तुझ्या आईला म्हटलं होतं, "ही आपल्या कामाची आहे." हे मात्र तुला गप्प बसवायला म्हटलेलं नव्हतं.

तर आता कामाला लाग. आटे काढून टाक, दोन रेघा ठेव. बेअरिंग म्हणजे एक कडं, बस्स. तारा साध्या. मग तीच फाइल घेऊन चष्मेवाल्याकडे जा. आता घ्यायचं ते असं: एकेका कोअरचा वेग चांगला असलेला प्रोसेसर, कोअर किती ते मोजत बसू नकोस. रॅम बत्तीस जीबी, पण आणखी पट्ट्या बसवायला जागा मोकळी असलेला मदरबोर्ड, म्हणजे काम वाढलं तर मशीन बदलायला नको. ग्राफिक्स कार्ड मधलंच, मात्र तुझं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी स्वतः तपासून यादीत घातलेलं. फाइली एसएसडीवर, म्हणजे झटकन उघडतील. आणि जे वाचेल ते मॉनिटरमध्ये घाल. मशीन उद्या बदलता येईल, डोळे बदलून मिळत नाहीत.

आणि चष्मेवाल्याला माझा नमस्कार सांग. महागडं मशीन गळ्यात मारण्याऐवजी तुझा बोल्ट बघत बसला तो माणूस. अशांच्या दुकानाला बरकत यावी.

मावशी

---

२४ जुलै

मावशी,

खुर्ची फिरली! नुसती फिरली नाही, भिंगरीसारखी फिरली. मी आणि तुझे जावई दोघंही शाळकरी पोरांसारखे तिला गोल गोल फिरवत बसलो.

तू लिहिलंस तेच घेतलं, दुकानातल्या महागड्या मशीनच्या निम्म्यावरच भागलं. मॉनिटर इतका मोठा आहे की लेक म्हणते टेबलावर खिडकी आली. चष्मेवाल्याला तुझा नमस्कार सांगितला. तो लाजला आणि केबल फुकट दिली.

खरं तर आटे काढून टाकायच्या आधी जुनी फाइल वेगळी जपून ठेवली. पण ते काढून टाकल्यावर खुर्ची मला पहिल्यांदा नीट दिसली. कुठला पाइप कुठे वळतो, पाय कुठे टेकतात, सगळं. अरुंद दारात खुर्ची वळावी म्हणून पाय ठेवायची पट्टी आत, सीटखाली ओढून घेतली आहे. ती जागा मला बोल्टांच्या गर्दीत आधी सुचलीच नव्हती.

ड्रॉइंगं मालकांकडे पोहोचती केली, जुलै संपायच्या आत. एक संच मोठ्या कागदावर छापून तुलाही पाठवतेय. उजव्या कोपऱ्यातली चौकट बघ. "काढलं" च्या पुढे मी आहे. "तपासलं" चा रकाना रिकामा ठेववेना, तिथे तुझं नाव घातलंय. तू नसतीस तर मी आत्ता सामान बांधत असते. आभार मानले तर तू ओरडशील, म्हणून त्या रकान्यात मानलेत.

तुझी,
भुंगी

---

१ ऑगस्ट

भुंगे,

काल फोनवर तू "मावशी, तूच बोलतेयस ना?" एवढंच विचारत राहिलीस आणि मी ओरडत राहिले. यंत्र कानात घातलं होतं, पण त्याची सवय कुठे आहे? तुला किती कळलं देव जाणे, म्हणून सगळं पुन्हा लिहून कुरिअरनं पाठवतेय.

न तपासता माझं नाव "तपासलं" मध्ये घालायचं नाही. कधीही नाही. माझ्या नावाखाली काय गेलंय ते बघायला म्हणून मी कागद जेवणाच्या टेबलावर पसरला, आणि बरं झालं पसरला.

पुढची छोटी चाकं बघ. तू ती मागे वळलेली काढली आहेस, खुर्ची पुढे जाताना असतात तशी. खुर्ची मागे घेतली की ती चाकं गर्रकन फिरून पुढे येतात. मी कंपास घेतला, चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिथे टोक ठेवलं आणि चाकाच्या कडेपर्यंत उघडून गोल मारला. तो गोल तुझ्या पाय ठेवायच्या पट्टीला कापतो. बोटभर कापतो. म्हणजे बसलेला माणूस अरुंद दारातून मागे यायला गेला की चाक पट्टीवर आदळणार, खुर्ची जागच्या जागी अडणार, आणि टाच मध्ये आली तर ती चेंगरणार.

पट्टी पुढे नेऊ नकोस, लांबी वाढली की खुर्ची दारात वळणार नाही. चाक लहान घे आणि खिळी किंचित मागे सरकव. पण आधी मालकांकडे धाव. पाइप कापायला घेतले असतील तर थांबव. स्वतः जा आणि स्वतः सांग. त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर काम जाईल, तू सांगितलंस तर कदाचित जाणार नाही. कदाचितच म्हणतेय, खोटा धीर देत नाही.

मावशी

---

११ ऑगस्ट

मावशी,

फोनवरचं मला "चाक" आणि "धाव" एवढंच कळलं होतं. तेवढ्यावर मी स्क्रीनवर खुर्ची उघडली, पुढचं चाक माउसनं उलटं फिरवलं, आणि ते पट्टीत घुसलेलं दिसलं. एवढं चपळ मशीन, एवढा मोठा मॉनिटर, आणि मी ते चाक एकदाही फिरवून बघितलं नव्हतं! तशीच रिक्षा केली.

कारखान्यात पाइपांवर खडूच्या खुणा झाल्या होत्या. कापायचं यंत्र सुरूही झालं होतं. मी मालकांना म्हटलं, "थांबवा, माझी चूक आहे." काय चूक ते ड्रॉइंगवर दाखवलं. त्यांनी कामगारांना थांबायला सांगितलं. मावशी, तेवढ्यात मी मनात शाखेच्या गाडीचं तिकीटसुद्धा काढलं.

मग त्यांनी कोपऱ्यातली एक जुनी खुर्ची ओढून आणली, स्वतः बसले, मागे घेतली. चाक पट्टीवर धाडकन आदळलं. म्हणाले, "ही आमची दोन वर्षांपूर्वीची. एका नामवंत ऑफिसाकडून हिची ड्रॉइंगं करून घेतली होती. पन्नास खुर्च्या बनल्या आणि पन्नास परत आल्या. त्यांनी शेवटपर्यंत चूक मान्य केली नाही." मग ड्रॉइंगच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हे तपासणारे कोण?"

मी सगळं खरं सांगितलं. नाव आधी घातलं आणि तपासणी नंतर झाली, हेही. ते इतके हसले की कामगार बघायला लागले. म्हणाले, "वर्षाचं काम तुमचं. पण एक अट आहे. प्रत्येक ड्रॉइंग या बाईंच्या हाताखालून गेलं पाहिजे, आणि त्यांचा मोबदला वेगळा. नाही म्हणायचं नाही त्यांनी."

जीव भांड्यात पडला. शाखेला नकार कळवून टाकला. रात्रीच्या जेवणाला तुझे जावई दोनदा "मावशींमुळे" म्हणाले, आणि ते एरवी कुणाचं नाव घेत नाहीत. मी तर दिवसभर म्हणतेय. तू मला गप्प बसवायला बोल्ट दिलास, असू दे. मी त्यावर जगतेय गं. आता ओरडायचं तर ओरड, पण आभार मानते, रकान्यात नाही, तोंडावर मानते.

सांग ना, होशील तयार?

तुझी,
भुंगी

---

१८ ऑगस्ट

भुंगे,

निवृत्तीच्या दिवशी मला हार घातला, भाषणं केली, आणि त्यानंतर कुणी एक रेघही दाखवायला आणली नाही. माणसं येतात, तब्येत कशी आहे विचारतात, आणि जातात. तब्येत ठीक असते. विचारण्यासारखं आणखी काही माझ्यात उरलंय, असं कुणाला वाटत नव्हतं.

तुझा कागद टेबलावर पसरला, कंपासचा गोल पट्टीला कापून गेला, तेव्हा मला आधी आनंद झाला आणि मग तुझी काळजी वाटली. हा क्रम चुकीचा आहे, मावशीनं असं करू नये, पण खोटं कशाला लिहू? चूक मला दिसली याचा इतका आनंद झाला की एवढी वर्षं न उचललेला फोन उचलला. तू आभार मानतेस. पोरी, ते मी मानायचे आहेत. तू माझं नाव त्या रकान्यात घातलंस, म्हणून मी पुन्हा कुणीतरी झाले.

मालकांना कळव, तयार आहे. अट एकच, तपासल्याशिवाय माझं नाव छापायचं नाही. पुढचं ड्रॉइंग लवकर धाड. लाल पेन्सिली आणल्या आहेत, टोकं काढून ठेवली आहेत.

तुझी मावशी